प्लाझ्मा सावरण्याची तालीम

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेला कल्हॅम नावाचं गाव आहे. १९८३ पासून २०२३ पर्यंत तिथे जेट नावाचा टोकामॅक, म्हणजे अणुसंलयनासाठी प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणारं यंत्र, चालला. टोकामॅकच्या एकेका प्रयोगाला तिथली माणसं ‘शॉट’ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात जेटच्या काही शॉटमध्ये आतला प्लाझ्मा जागा सोडून उभ्या दिशेने घसरला, भिंतीला टेकला आणि विझला. विझता विझता त्याने सबंध निर्वात पात्राला असा हिसका दिला, की धातूचं ते अवजड पात्र काही मिलिमीटर बाजूला सरकलं. त्या प्लाझ्माचं वस्तुमान एका ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंही नव्हतं. पण त्यातून लाखो अँपिअर वीज वाहत होती आणि भोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र होतं. ती वीज भिंतीत शिरली आणि चुंबकीय क्षेत्राने तिला ढकललं, तेव्हा शेकडो टनांचं बल तयार झालं.

आजच्या व्याख्यानाचा विषय या हिसक्यापासून सुरू होतो.

संलयनाची चर्चा निघाली की तापमानाचे आकडे पुढे येतात. फ्रान्समध्ये कादाराशला उभारल्या जाणाऱ्या आयटरमध्ये १५ कोटी अंश सेल्सिअस तापमान गाठायचं आहे, प्लाझ्मातून दीड कोटी अँपिअर वीज वाहायची आहे, ५० मेगावॉट उष्णता आत घालून ५०० मेगावॉट संलयनशक्ती मिळवायची आहे. तापवणं आणि चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणं ही कामं अवघड आहेतच. त्यांच्याइतकंच अवघड तिसरं काम आहे, त्याच्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. हा प्लाझ्मा प्रत्येक क्षणी सावरावा लागतो. कुठे आहे ते मोजायचं, कुठे असायला हवा होता त्याच्याशी ताडून पाहायचं, फरकानुसार चुंबकीय क्षेत्र घडवणाऱ्या कॉइलचं व्होल्टेज बदलायचं, आणि हे सारं सेकंदाला हजारो वेळा. यालाच फीडबॅक नियंत्रण म्हणतात. असं नियंत्रण चुकतमाकत, यंत्रावर प्रयोग करत शिकण्याची सोय नाही, कारण इथली एक चूक जेटसारखा हिसका देऊ शकते. त्यामुळे नियंत्रक आधी संगणकातल्या प्लाझ्मावर, म्हणजे सिम्युलेशनवर घडवावा लागतो. अशा कामासाठी सर्वांत मोठं, सर्वांत तपशीलवार सिम्युलेशनच सर्वांत चांगलं, असं सहज वाटतं. गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव वेगळा आहे. नियंत्रकाला असं सिम्युलेशन लागतं, ज्यात आपण काय सोडून दिलं आहे आणि त्यावर कुठे विसंबू नये, हे घडवणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं.

सुरुवातीच्या टोकामॅकमध्ये प्लाझ्माचा छेद गोल असे. १९७२ मध्ये लेव आर्त्सिमोविच आणि व्हिटाली शाफ्रानोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हा छेद उभा, लांबट करावा असं सुचवलं. लांबट प्लाझ्मात तेवढ्याच यंत्रात अधिक वीज वाहू शकते आणि उष्णता अधिक काळ टिकते. जेट, सॅन डिएगोचा डी-थ्री-डी, आयटर या सगळ्यांच्या प्लाझ्माचा छेद इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा उभट आहे, तो यामुळे. पण या फायद्याची किंमत मोजावी लागते. प्लाझ्मा उभा ताणायचा तर वर आणि खाली अशा कॉइल ठेवाव्या लागतात, ज्या त्याला आपापल्या दिशेने ओढतात. तो बरोबर मध्यावर असेल तोवर दोन्ही ओढी सारख्या असतात. केसभर वर गेला की वरची ओढ वाढते, म्हणून तो आणखी वर जातो, म्हणून ओढ आणखी वाढते.

तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ खेळलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. त्या खेळातली एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. लांब काठी तोलता येते, पेन्सिल येत नाही. पेन्सिल पडायला इतका कमी वेळ घेते की डोळ्याने पाहून हात हलवेपर्यंत ती खाली गेलेली असते. भोवती धातू नसता तर लांबट प्लाझ्मा काही मायक्रोसेकंदांत भिंतीवर आदळला असता; ती पेन्सिलच. पण प्लाझ्मा हलला की निर्वात पात्राच्या धातूच्या भिंतीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते त्याला मागे रेटतात. भिंतीच्या विद्युतरोधामुळे हे प्रवाह हळूहळू मरतात, आणि ज्या गतीने ते मरतात त्याच गतीने प्लाझ्मा घसरतो. मायक्रोसेकंदांचे मिलिसेकंद होतात, मोठ्या यंत्रात त्याहूनही अधिक. पेन्सिलची काठी होते. नियंत्रकाला मिळणारी सारी उसंत भिंतीच्या या प्रवाहांनी दिलेली असते. म्हणून या विषयातल्या कुठल्याही कामाच्या सिम्युलेशनमध्ये प्लाझ्माइतकीच भिंत महत्त्वाची: तिची जाडी, तिच्यातली खिडक्यांची भोकं, आधाराच्या पट्ट्या, सगळं.

प्लाझ्मा कुठे आहे हे तरी कसं कळतं? त्याच्या आत तापमापी घालता येत नाही. पात्राच्या आतल्या बाजूला तारेची वेटोळी आणि छोट्या संवेदक कॉइल बसवलेल्या असतात, त्या बदलतं चुंबकीय क्षेत्र मोजतात. या कडेच्या मोजमापांवरून आतला आकार ताडायचा. दाब आणि चुंबकीय बल यांचा तोल कसा राहतो हे सांगणारं समीकरण १९५० च्या दशकात शाफ्रानोव आणि अमेरिकेतले हॅरॉल्ड ग्रॅड यांनी स्वतंत्रपणे मांडलं. ग्रॅड-शाफ्रानोव समीकरण म्हणून ते ओळखलं जातं. १९८५ मध्ये लँग लाओ आणि सहकाऱ्यांनी ‘ईफिट’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. ती मोजमापांशी जुळणारं या समीकरणाचं उत्तर शोधून काढते. पुढे १९९८ च्या सुमारास डी-थ्री-डीवर तिची इतकी वेगवान आवृत्ती आली की शॉट चालू असतानाच प्लाझ्माची सीमारेषा ठरवून ती नियंत्रकाला देता येऊ लागली. म्हणजे नियंत्रक प्लाझ्माकडे पाहतो तेच मुळी एका गणिती प्रतिकृतीच्या डोळ्यांनी. प्रतिकृती आणि यंत्र यांची अशी गुंफण इतर फार थोड्या शास्त्रांत सापडेल.

आता सिम्युलेशनचं म्हणाल तर प्लाझ्मातल्या सूक्ष्म खळबळीची गणितं करणाऱ्या प्रणाली महासंगणकावर लक्षावधी प्रोसेसर-तास खातात आणि उत्तर म्हणून प्लाझ्माच्या आयुष्यातला एक इवलासा तुकडा देतात. उष्णता बाहेर का झिरपते हे समजायला त्या हव्यातच. नियंत्रक घडवणाऱ्याला त्या जवळपास निरुपयोगी असतात. त्याला हजारो शॉट संगणकावर चालवून पाहायचे असतात, दर वेळी काहीतरी बदलून. त्याच्यासाठी १९८० च्या दशकात प्रिन्स्टनमध्ये स्टीफन जार्डिन आणि सहकाऱ्यांनी ‘टीएससी’ बनवली, मॉस्कोत ‘डायना’ बनली. या प्रणालींत प्लाझ्मा, कॉइल आणि भिंत यांचा एकत्र हिशेब होतो, सूक्ष्म खळबळ मात्र सरासरीच्या आकड्यांत गुंडाळून टाकलेली असते. त्याहून धाडसी काटछाट नेपल्सच्या क्रिएट गटाने केली. त्यांनी प्लाझ्मा एका समतोलाभोवती थोडासाच हलतो असं धरलं आणि सगळा मामला सरळ रेषेच्या समीकरणांवर आणला. वाहक तुकड्यातुकड्याने मोजले, प्रत्येकात किती प्रवाह, एवढंच ठेवलं. या गटाच्या प्रतिकृतीवर बेतलेला आकार-नियंत्रक २००० च्या दशकात जेटवर चालला. तिथे अडचण अशी की प्लाझ्माच्या सीमेवरचे सांभाळायचे बिंदू पुष्कळ आणि कॉइल मोजक्या. सगळे बिंदू जागेवर आणणं शक्यच नव्हतं, त्यामुळे कुठल्या दिशेने विजेचा खर्च करावा आणि कुठली चूक पोटात घालावी, हे गणितानेच ठरवावं लागलं.

इतकी काटछाट करूनही नियंत्रक चालतो, याचं श्रेय फीडबॅकच्या स्वभावाला आहे. प्रतिकृती दहा टक्क्यांनी चुकली तर आधीच आखून ठेवलेली चाल पार चुकेल. पण दर क्षणी मोजून दुरुस्त करणारा नियंत्रक त्या चुकीचा बराचसा भाग आपोआप खाऊन टाकतो. मात्र काही चुका त्याला पचत नाहीत. उशीर ही त्यातली सर्वांत वाईट. संवेदकाने मोजलं, संगणकाने हिशेब केला, वीजपुरवठ्याने व्होल्टेज बदललं, पात्राच्या भिंतीतून नवं क्षेत्र आत झिरपलं. या साखळीतला एकूण उशीर प्लाझ्माच्या घसरण्याच्या वेळेजवळ गेला की व्यवहारात कुठलाही नियंत्रक, कितीही हुशार असला तरी, हरतो. दुसरी चूक मर्यादा विसरण्याची. कागदावरच्या नियंत्रकाला हवं तेवढं व्होल्टेज मिळतं, खऱ्या वीजपुरवठ्याला कमाल असते. या विषयावरचे निबंध वाचताना जाणवतं, की प्लाझ्माचं भौतिकशास्त्र सुंदर रीतीने मांडलेलं असतं आणि वीजपुरवठा मात्र एका ओळीत उरकलेला असतो. प्रत्यक्ष यंत्रावर घात होतो तो बहुधा त्या एका ओळीत.

आयटरच्या बाबतीत ही ओळ वेळेत वाचली गेली, आणि ती हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. मूळ आराखड्यात प्लाझ्माची उभी स्थिती सावरण्याचं काम पात्राबाहेरच्या अतिसंवाहक कॉइलवर सोपवलेलं होतं. या कॉइल प्रचंड, प्लाझ्मापासून दूर, आणि मधे पात्राच्या जाड धातूच्या भिंती. २००७ च्या सुमारास झालेल्या आढाव्यात प्रश्न विचारला गेला: अशा व्यवस्थेत प्लाझ्मा किती ढळेपर्यंत परत आणता येईल? तो स्थिर आहे की नाही, एवढंच विचारून भागत नाही. गणिताने स्थिर ठरलेला प्लाझ्माही एका मर्यादेपलीकडे गेला, की कमाल व्होल्टेज लावूनही परत येत नाही. त्या मर्यादेला ‘कमाल सावरता येणारं विस्थापन’ म्हणता येईल. ते मोजण्याची रीत सिम्युलेशनमध्ये सोपी आहे. नियंत्रण बंद करायचं, प्लाझ्मा घसरू द्यायचा, मग सगळी ताकद एकदम लावायची आणि तो परततो का ते पाहायचं.

हेच प्रत्यक्ष यंत्रांवरही केलं गेलं. डी-थ्री-डी, बॉस्टनजवळचा अल्काटर सी-मॉड, प्रिन्स्टनचा एनएसटीएक्स, जेट, लोझानचा टीसीव्ही या यंत्रांच्या अनुभवातून आणि मापनांतून एक चित्र तयार झालं: रोजच्या कामात धडधाकट चालणारी यंत्रं किती राखीव ताकद बाळगतात. डेव्हिड हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा, की आयटरची मूळ राखीव ताकद या यंत्रांच्या मानाने तोकडी होती. त्यानंतर आराखड्यात बदल झाला. निर्वात पात्राच्या आत, प्लाझ्माजवळ, वर एक आणि खाली एक अशा तांब्याच्या दोन कॉइल केवळ उभ्या स्थितीसाठी घेण्यात आल्या. न्यूट्रॉनच्या माऱ्यात, पाण्याने थंड ठेवत, तिथे तांबं टिकवणं हे अभियंत्यांना मुळीच आवडणारं काम नाही. तरीही ते स्वीकारलं गेलं. एकही शॉट झालेला नसताना, एका सिम्युलेशनच्या आणि पाच जुन्या यंत्रांच्या साक्षीने, अब्जावधींच्या यंत्राच्या पोटात दोन नव्या कॉइल आल्या. सिम्युलेशनचा याहून ठोस उपयोग दाखवणं कठीण आहे.

न्यूरल नेटवर्क आणि संलयन यांची सोयरीक अलीकडची आहे असा समज आहे. तो दुरुस्त करायला कल्हॅमलाच परत जावं लागतं. १९८९ मध्ये तिथले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बिशप यांनी ‘बुद्धिमान कवच’ ही कल्पना मांडली. भिंतीचे भोवरी प्रवाह हळूहळू मरतात हीच अडचण असेल, तर भिंतीवर छोट्या कॉइलचं जाळं पांघरावं आणि प्रत्येक कॉइलने आपल्या खालून जाणारं चुंबकीय क्षेत्र शून्यावर राखावं. म्हणजे साध्या धातूची भिंत आदर्श वाहकासारखी वागेल. पुढे बिशप न्यूरल नेटवर्ककडे वळले. १९९५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कल्हॅमच्याच कॉम्पास-डी टोकामॅकवर न्यूरल नेटवर्कने प्लाझ्माचा आकार शॉट चालू असताना नियंत्रित केला. त्या नेटवर्कला धडे दिले होते ते सिम्युलेशनने. ग्रॅड-शाफ्रानोव समीकरणाची असंख्य उत्तरं आधी काढून ठेवली, प्रत्येक उत्तरासाठी संवेदक काय दाखवतील ते मोजलं, आणि त्या जोड्यांवर नेटवर्क शिकवलं. त्या काळचे संगणक पुरेसे वेगवान नव्हते, म्हणून संकेत ॲनालॉग परिपथातून वाहत आणि गुणक तेवढे डिजिटल पद्धतीने बसवलेले असत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांत या कामाचा उल्लेख क्वचित येतो. यायला हवा.

बुद्धिमान कवच प्रत्यक्षात उतरलं ते इटलीत पाडोव्हाला. तिथल्या आरएफएक्स-मॉड या यंत्राला वलयाच्या लांबीने ४८ ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी भोवती ४ अशा १९२ कॉइलने सर्व बाजूंनी मढवलं गेलं, प्रत्येक कॉइल स्वतंत्र वीजपुरवठ्यावर. हा टोकामॅकचा चुलतभाऊ म्हणावा असा वेगळ्या रचनेचा प्रयोग आहे आणि त्यात प्लाझ्माच्या अनेक विकृती एकाच वेळी उसळतात. कवच चालू केल्यावर बरीच सुधारणा झाली, पण काही विकृती भिंतीला चिकटून बसत. कारण सिम्युलेशनमध्ये सापडलं. कॉइल तुकड्यातुकड्यांच्या असल्यामुळे त्या एका विकृतीला विरोध करताना इतर, बारीक लहरींचं क्षेत्रही निर्माण करतात; संवेदकही तुकड्यातुकड्यांचे असल्यामुळे ते या बारीक लहरींना मूळ विकृती समजतात. नियंत्रक आपल्याच सावलीशी झुंजत होता. पाओलो झांका यांनी ही विकृती, भिंत आणि कॉइल यांची प्रतिकृती संगणकावर मांडली. संवेदकाने सांगितलेल्या आकड्यातून कॉइलनेच निर्माण केलेला भाग प्रत्येक चक्रात हिशेबाने वजा करायचा, अशी नवी रीत २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. विकृती सुटून फिरू लागल्या, भिंतीवरचा मारा विखुरला, आणि यंत्र पुढे २० लाख अँपिअरपर्यंत नेता आलं. इथे लक्षात घेण्यासारखं हे, की प्लाझ्माबद्दल कुणालाही काही नवं कळलं नव्हतं. कळलं ते मोजण्याच्या साधनाबद्दल.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या एका निबंधाने हा विषय जगभर पोचवला. लंडनची डीपमाइंड आणि लोझानचं स्विस प्लाझ्मा सेंटर यांनी मिळून टीसीव्हीच्या सगळ्या १९ कॉइलचा ताबा एका न्यूरल नेटवर्ककडे दिला. टीसीव्ही १९९२ पासून चालू आहे आणि नाना आकारांचे प्लाझ्मा घडवून पाहण्यासाठीच तो बांधलेला आहे. एरवी तिथे स्थितीसाठी, प्रवाहासाठी, आकारासाठी वेगवेगळे नियंत्रक जोडून काम चालतं आणि नवा आकार हवा असेल तर तज्ज्ञांना ते नव्याने जुळवावे लागतात. इथे नेटवर्कला फक्त हवं ते सांगितलं: आकार असा, प्रवाह इतका, या मर्यादा मोडायच्या नाहीत. बाकी सारं त्याने सिम्युलेशनमधल्या प्लाझ्मावर, बक्षीस आणि दंड यांच्या आधाराने, स्वतः शोधायचं. ही रीइन्फोर्समेंट लर्निंगची पद्धत. एक ते तीन दिवसांच्या संगणकीय शिक्षणानंतर ते नेटवर्क जसंच्या तसं यंत्रावर बसवलं आणि दर सेकंदाला १०,००० वेळा आदेश देऊ लागलं. लांबट, उलट्या त्रिकोणी, हिमकणासारख्या आकाराचे प्लाझ्मा त्याने घडवले. एकाच पात्रात वर एक आणि खाली एक असे दोन वेगळे प्लाझ्मा त्याने २०० मिलिसेकंद शेजारी शेजारी धरून ठेवले.

बातम्या या जोड-प्लाझ्माच्या आल्या. निबंधाचा खरा ऐवज त्यातल्या सिम्युलेशनच्या वर्णनात आहे. प्लाझ्माचा विद्युतरोध आणि दाबाची वाटणी नेमकी किती असेल हे कुणालाच अचूक ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक सराव-शॉटमध्ये हे आकडे थोडे थोडे बदलले, म्हणजे नेटवर्क एका ठरावीक प्लाझ्माला सरावणार नाही. संवेदकांचा गोंगाट आणि वीजपुरवठ्याचा उशीर प्रत्यक्ष मोजमापांवरून सिम्युलेशनमध्ये घातला. आणि जिथे समीकरणं खऱ्या प्लाझ्माचं वर्णन नीट करत नाहीत असं माहीत होतं, तिथे नेटवर्क गेलं की सराव तिथेच थांबवून त्याला दंड केला. सिम्युलेशनच्या खोट्या भागात फायदा शोधण्याची वाटच बंद झाली. शिकवताना चालींना गुण देणारं मोठं, आठवण ठेवणारं परीक्षक-नेटवर्क वापरलं आणि यंत्रावर नेलं ते लहान, चपळ नेटवर्क, कारण तिथे हिशेबाला मायक्रोसेकंदच मिळतात. हे सगळे निर्णय माणसांनी, टीसीव्हीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांनी घेतलेले आहेत.

या यशाची हद्दही स्पष्ट मांडायला हवी. शॉटची सुरुवात जुन्याच नियंत्रकाने केली, नेटवर्ककडे सूत्रं ठरलेल्या क्षणी सोपवली गेली. पारंपरिक नियंत्रकाबद्दल अभियंता सांगू शकतो, की प्रतिकृती अमुक इतकी चुकली किंवा उशीर तमुक इतका वाढला तरी हा कोसळणार नाही. न्यूरल नेटवर्कबद्दल अशी हमी देण्याची सर्वमान्य रीत अजून नाही. टीसीव्हीसारख्या यंत्रावर त्याविना चालतं. तिथला शॉट एखाद-दोन सेकंदांचा, बिघडला तर पुन्हा करता येतो. आयटरच्या आकाराच्या यंत्रावर त्या हमीवाचून सूत्रं सोपवणं योग्य होणार नाही. २०२३ मध्ये त्याच मंडळींनी पुढचं काम प्रसिद्ध केलं. त्यात सिम्युलेशनमध्ये आकाराच्या अचूकतेत ६५ टक्क्यांपर्यंत सुधारणा झाली आणि शिकवण्याचा वेळ एक तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली आला. हमीचा प्रश्न मात्र तिथेच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने, जेमिन सिओ आणि एगेमेन कोलेमेन यांनी, डी-थ्री-डीवर वेगळा मार्ग दाखवला. तिथे अडवायची होती चुंबकीय रेषा फाटण्याची अस्थिरता. तिच्यापोटी प्लाझ्मात चुंबकीय बेटं तयार होतात आणि पुष्कळदा शॉट कोसळतो. या अस्थिरतेचं भरवशाचं आणि वेगवान सिम्युलेशन नाही. म्हणून त्यांनी डी-थ्री-डीच्या जुन्या शॉटच्या नोंदींवर भाकीत करणारं नेटवर्क शिकवलं आणि त्या नेटवर्कलाच सिम्युलेशन मानून नियंत्रक घडवला. धोका ३०० मिलिसेकंद आधी दिसू लागला. तेवढ्या वेळात तापवणाऱ्या किरणांची शक्ती आणि प्लाझ्माचा आकार बदलून तो टाळता आला. काम मोलाचं आहे. पण नोंदींवर शिकलेली प्रतिकृती नोंदी असतील तिथेच शहाणी असते, आणि आयटरच्या गाठीशी जुना शॉट एकही नाही. तिथे समीकरणांवर उभी असलेली प्रतिकृतीच आधी लागणार, नोंदी तिला नंतर सुधारतील.

या इतिहासात भारताचाही एक धागा आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. पुढच्या दोन दशकांत संलयनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत सापडेल, असं भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केलं. त्या वेळी संलयनाचं संशोधन देशोदेशी गुप्ततेत चाललं होतं, त्यामुळे एवढ्या व्यासपीठावरून इतक्या उघडपणे ते बोललं जाणं ही मोठी घटना होती. दोन दशकांचा अंदाज चुकला. प्लाझ्माच्या अस्थिरता किती प्रकारच्या आहेत याची कल्पनाच तेव्हा कुणाला नव्हती. भारतात प्रत्यक्ष काम गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत प्रेधिमान कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. तिथला आदित्य टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला. त्याचा प्लाझ्मा गोल छेदाचा होता; पुढे २०१६ मध्ये त्याचं रूपांतर आदित्य-यू मध्ये झालं, ते छेदाला आकार देता यावा म्हणून. एसएसटी-१ या अतिसंवाहक यंत्राने २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा दिला. भारत २००५ च्या अखेरीस आयटरमध्ये सामील झाला, आणि आयटरचं अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राभोवतीचं निर्वात आवरण, भारताने बनवून दिलं.

शॉट जसजसे लांबताहेत तसतशा सिम्युलेशनकडून नव्या मागण्या येताहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या वेस्ट टोकामॅकने १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून जास्त प्लाझ्मा टिकवला. इतक्या वेळात एक जुनं, किरकोळ वाटणारं दुखणं वाढतं. चुंबकीय संवेदक क्षेत्राचा बदल मोजतात, क्षेत्र मोजत नाहीत. बदलांची बेरीज करत क्षेत्र काढावं लागतं. मोजण्यातली अतिसूक्ष्म चूकही त्या बेरजेत साठत जाते. दोन सेकंदांच्या शॉटमध्ये ती कळतही नाही, वीस मिनिटांत ती प्लाझ्मा भलत्याच जागी असल्याचं दाखवू शकते. जर्मनीत गार्चिंगला ॲसडेक्स अपग्रेड टोकामॅकसाठी ‘फेनिक्स’ नावाचं सिम्युलेशन आहे. दुसऱ्या दिवशीचा शॉट त्याच्यावर आधी पूर्ण चालवून पाहता येतो, नियंत्रण यंत्रणेसकट. आयटरसाठीही अशीच व्यवस्था आखलेली आहे: प्रत्येक शॉट आधी संगणकात पार पडल्यावाचून यंत्रावर जाऊ नये. आयटरच्या २०२४ मधल्या नव्या वेळापत्रकानुसार तिथे संशोधनाचे शॉट २०३४ मध्ये सुरू होतील आणि ड्युटेरियम-ट्रिटियम या संलयनाच्या इंधनाचे २०३९ मध्ये. तोवर त्याचे सगळे नियंत्रक सिम्युलेशनवरच घडायचे आहेत.

त्यांतला सर्वांत अवघड नियंत्रक सावरणं सोडून देण्याचा निर्णय घेणारा असेल. प्लाझ्मा हाताबाहेर जातो आहे असं दिसलं, की आयटरमध्ये गोठवलेल्या हायड्रोजन आणि निऑनच्या गोळ्या फोडून त्यांचा चुरा प्लाझ्मात मारायचा आहे, म्हणजे आतली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सगळ्या भिंतीवर सारखी पसरेल आणि एखाद्याच जागी भिंतीचं टंगस्टन वितळणार नाही. मारा लवकर केला तर चांगला चाललेला शॉट वाया जातो. उशीर केला तर ३५ कोटी ज्यूलच्या आसपासची उष्णता काही मिलिसेकंदांत भिंतीवर येते, आणि मागोमाग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचलेल्या इलेक्ट्रॉनांचा झोत तयार होण्याचा धोका असतो. हा निर्णय शिकवायचा तर सिम्युलेशनमध्ये प्लाझ्मा कोसळताना दाखवावा लागतो, आणि प्लाझ्मा कोसळतो त्याच क्षणी आजच्या प्रतिकृती सर्वांत कच्च्या आहेत. जेट आणि डी-थ्री-डीवर गोळ्यांचे प्रयोग झाले, गार्चिंगला आणि दक्षिण कोरियाच्या के-स्टारवरही झाले. वेगवेगळ्या नळ्यांतून सुटलेला चुरा एकाच मिलिसेकंदात पोचतो का, हेही त्यांत तपासलं गेलं. त्या मोजमापांवरून या प्रतिकृती आता दुरुस्त केल्या जात आहेत.